एक हंडा दंड

“संपली म्हंजे? कोनाची संपली?”

बाईजा उभी राहिली तेव्हा सरपंच चंदरचं वाक्य अर्ध्यावरच होतं. साथ आटोक्यात आली आहे, ग्रामपंचायतीने वेळीच पावलं उचलली, आता शाळेतला दवाखाना हलवून शाळा पोरांना मोकळी करायला हरकत नाही, असं तो सांगत होता. शाळेला दोनच खोल्या. एकीत सभा भरली होती. मधल्या भिंतीपलीकडे दुसरीत अजून पाच माणसं सतरंज्यांवर आडवी होती. त्यांत बाईजाची पुतणी दिपिका होती. तिला सलाईन लावलेलं होतं, आणि भिंतीवर खिळा ठोकून बाटली टांगली होती.

“वयनी, बसा. तुमचं दुःख आमाला कळतं,” चंदर म्हणाला.

“दुःख राहू दे बाजूला. मी इचारलं ते सांग. भिंतीच्या पल्याड जाऊन बघ, संपली का ती.”

मागच्या बाजूला दाराशी अमोल बसला होता. तो पाड्याचा नव्हे, शेणवे गावचा. पांढरा शर्ट, खिशात मोबाइल, खाली ओहोळापलीकडे उभी स्वतःची जीप. पाड्याला रेंज नव्हती, तरी तो मोबाइल सारखा काढून बघायचा. पंचायतीच्या निवडणुका जवळ आल्या होत्या आणि साथ सुरू झाल्यापासून त्याच्या फेऱ्या वाढल्या होत्या. तो ताडकन उठला.

“बरोबर बोलली ताई! चार बळी घेतले या सरपंचानं! यांच्या पक्षाला लाज...”

“तुला कोनी बोलावला?” चंदर ओरडला. “तुमचा पक्ष पंधरा वर्सं वर होता तवा विहिरीचा गाळ नाय काढला!”

मग सगळी खोलीच पेटली. अर्धे याच्या बाजूने, अर्धे त्याच्या. बोटं एकमेकांच्या डोळ्यांत जाऊ लागली. कोपऱ्यात योगिनी सिस्टर वही छातीशी धरून उभी होती. गेले कितीतरी दिवस ती बाई पाड्यात पाय रोवून होती, पायातल्या चपलेचा अंगठा तुटला तो दोरीने बांधून चालत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. दोनदा तिने तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. भिंतीपलीकडून कोणीतरी ओकल्याचा आवाज आला. तो सभेत बाईजाशिवाय कोणाच्या कानी गेला नाही.

बाईजाच्या डोक्यात सणक गेली. तिने दाराजवळचा रिकामा जर्मनचा हंडा उचलला आणि मधोमध जमिनीवर आदळला. खोली गप्प झाली.

“आता ऐका. जो पक्षाचं नाव काढील त्यानं हा हंडा उचलायचा आनि खाली सडकेवरच्या हातपंपावरून भरून आनायचा. पुढाऱ्याचं नाव काढलं, तरी तेच. बोलायचं तर आजारावर बोला. नायतर पानी भरा.”

एक-दोघं हसले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, तसं त्यांचं हसू जिरलं.

“वयनी, पन या लोकांच्या पक्षानं...” म्हणत भगीरथ उठला. तो बाईजाचा सख्खा दीर, दिपिकाचा बाप. साथीत त्याची बायको लहानी गेली होती. त्या दिवसापासून तो अमोलच्या मागेमागे होता.

बाईजाने हंडा त्याच्यापुढे सरकवला. “उचल.”

“मी?”

“पयला तूच बोललास. उचल.”

भगीरथने आजूबाजूला पाहिलं. कोणी त्याच्या बाजूने बोलेना. त्याने हंडा उचलून खांद्यावर घेतला आणि तो पावसात खाली उतरला.

*

करंजपाडा डोळखांबच्याही पुढे, डोंगराच्या कुशीत. पंचवीस-तीस घरं, घरांच्या खालच्या अंगाला विहीर, तिच्या खाली भाताची खाचरं, मग ओहोळ आणि ओहोळापलीकडे डांबरी सडक. ते साल दोन हजार सहाचं. श्रावणात जुलाब-उलट्यांची साथ आली. आधी दोघं पडले, मग घराघरांत माणसं कण्हू लागली. पांढरं पाण्यासारखं जायचं, दिवसाभरात डोळे खोल जायचे, हातापायांत गोळे यायचे.

लहानी सकाळी खाचरात तण बेणायला गेली होती. दुपारी बांधावरच बसली. संध्याकाळी तिला उठता येईना. ओहोळाला पूर, सडकेला एकही गाडी नाही. घोंगडीची झोळी करून भगीरथने आणि शेजारच्या जैतूने तिला पुरातून, मग सडकेने खांद्यावरून नेली. डोळखांबच्या अलीकडच्या वळणावर झोळी एकदम जड झाली.

बाईजाला रडू आलं नाही. राग आला. आधी लहानीचाच आला. विहिरीवर गेली की ओंजळ लावून पाणी प्यायची तिची खोड होती. “घरी जाऊन पी की गो,” म्हटलं तर म्हणायची, “हितं गार लागतं.” दोघी जावा. चुली कधीच वेगळ्या झाल्या होत्या, एका कोंबडीवरून महिनाभर अबोलाही झाला होता. पण पाण्याची वाट एकच. अबोल्यातही दोघी बरोबर जायच्या आणि बरोबर यायच्या, नुसत्या न बोलता. बाईजाचा नवरा नथू मुरबाडच्या कारखान्यात वॉचमन, पंधरवड्याने घरी यायचा. त्यामुळे तिचं सुखदुःखाचं बोलणं जे काय व्हायचं ते लहानीशीच, डोक्यावर हंडा घेऊन, पुढे बघत.

आता त्या वाटेने कोणीच जात नव्हतं. सिस्टरने विहीर बंद करायला सांगितली होती. बाया ओहोळ ओलांडून हातपंपावर जात, पाणी आणून उकळत, त्यात औषधाचे थेंब टाकत. त्यामुळेच साथ उतरायला लागली होती. आणि ती उतरायला लागली तसे पुढारी चढायला लागले. चंदरला ती लवकर संपायला हवी होती. अमोलला ती अजून थोडी चालायला हवी होती. बाईजाला दोघांचाही सारखाच संताप येत होता.

*

भगीरथ पाण्याला गेला. पक्ष काढायचा नाही म्हटल्यावर कोणाला बोलायला काही सुचेना.

मग सिस्टर पुढे आली.

“काल एकच नवा पेशंट आला, आज एकही नाही,” ती म्हणाली. “हे चांगलं आहे. पण याचा अर्थ संपलं असा नाही. मागच्या आठवड्यातही असंच दोन दिवस कोणी आलं नव्हतं, मग वरच्या आळीतली तिघं एकदम आली. का आली? कोणीतरी परत विहिरीचं पाणी प्यायलं. मला ओरडायचं नाही कोणावर. पण विहिरीत घाण कुठून जाते, ते तुम्हीच सांगू शकता. मला बाहेरच्या माणसाला ते दिसणार नाही.”

पुरुष छताकडे बघू लागले, बायांनी पदर तोंडावर घेतले. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलणार नव्हतं.

शेवटी भिमी म्हातारी बोलली. तिचा नातू भिंतीपलीकडे होता.

“मी सांगतंय. मला कसली लाज आता? पावसात ओहोळाकडं जाता येत नाय. मंग आमी बाया विहिरीच्या वरच्या उतारावरच बसतो. बाप्ये पन तितंच. पोरं पन तितंच. पाऊस आला की ते समदं खाली येतं.”

“पन ते आधी पन यायचं,” जैतू हळूच म्हणाला. “आमी लहान होतो तवापासनं. तवा कोन मेला नाय.”

“मंग आता काय झालं?”

जैतूने चंदरकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“बोल की रे,” बाईजा म्हणाली.

“वरच्या अंगाची भिंत. ती होती तवर पानी भिंतीला लागून बाजूनं जायचं. आता तिथं खिंडार हाय. सरळ विहिरीत पडतं.”

भिंत कशी पडली, हे सांगायची गरज नव्हती. उन्हाळ्यात चंदरने आपल्या मळ्याला पाणी न्यायला विहिरीवर इंजिन बसवलं, आणि पाइप घालायला वरच्या अंगाची दगडी भिंत फोडली. पावसाआधी बांधतो म्हणाला होता.

अमोल टाळी वाजवून उठला. “घ्या! मी काय सांगत होतो? हा यांच्या पक्षाचा...”

“हंडा,” बाईजा म्हणाली.

“अहो ताई, मी तुमच्या बाजूनंच बोलतोय!”

“माझी बाजू नाय. भगीरथ आला की त्याच्याकडनं हंडा घे.”

“मला काय कामं नाहीत का? टाइम काढून येतो मी,” अमोल म्हणाला आणि पाय आपटत बाहेर गेला. थोड्या वेळाने खालून जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

चंदर आता खुलला. “बघितलं? यांना नुसतं राजकारन करायचं हाय. भिंतीचा इषय काढून...”

“चंदर,” बाईजा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती उंचीने त्याच्या खांद्याला लागत होती. “भिंत तू फोडलीस. हे राजकारन नाय. हे खिंडार हाय. तू कंच्या पक्षाचा ते मला नको. तू ती उद्या बांधनार का नाय, ते सांग.”

“पाऊस चालू हाय, वयनी. सिमेंट बसनार नाय.”

“दगड बसतील. चिखल बसल. आमी समदी येऊ. तू येनार का?”

चंदर कपाळाचा घाम पुसत राहिला. एवढ्यात भगीरथ भरला हंडा घेऊन दारात आला, नखशिखांत भिजलेला. अमोल गेला हे त्याला वाटेतच कळलं होतं. त्याने हंडा ठेवला आणि कोणाकडे न बघता निघून गेला.

“येतो,” चंदर म्हणाला.

त्या सभेत मग ठरलं ते असं, की सिस्टर सांगेल तोवर दवाखाना शाळेतच राहील. विहिरीच्या उतारावर कोणी बसायचं नाही, ओहोळाच्या अल्याड चर खणून आडोसा करायचा. भिंत उद्या बांधायची. एवढं ठरायला पक्षाच्या भांडणाला लागला असता त्याच्या निम्माही वेळ लागला नाही. बाईजा घरी जाताना तोंडातल्या तोंडात शिव्या देत होती. हे एवढंच होतं, तर लहानी असताना का नाही झालं?

*

सकाळी ती दिपिकाला पेज भरवत होती. पोर चौदा वर्षांची, पण अंगावरचं मांस उतरून दहाची दिसायला लागली होती. सलाईन रात्री काढलं होतं. पेजेचे चार घोट पोटात टिकले तशी ती म्हणाली, “मोठीआई, मिठाचं जास्त झालं.” बाईजाला बरं वाटलं. चव कळायला लागली की माणूस परततं.

दारात भगीरथ उभा होता. धुतलेला सदरा घातलेला.

“वयनी, दिपिकाला तयार करा. शहापूरला न्यायचं हाय.”

“मोठ्या दवाखान्यात? सिस्टर बोलली नाय काय.”

“मोर्चाला.”

बाईजाने वाटी खाली ठेवली.

“हायवेपासनं कचेरीपातूर मोर्चा हाय. अमोलशेठनं जीप आनली. आजारी मान्सं दिसली पायजेत पुढं, त्याशिवाय कोन ऐकत नाय. पेपरवाले येनार हायत.”

“रातीला दोनदा हिला उचलून न्यावी लागली बाहेर. बसता येत नाय तिला धड. आनि तू तिला जीपमधनं खड्ड्यांतनं शहापूरला नेनार? दाखवायला?”

“मंग काय करू?” भगीरथ एकदम ओरडला. आतली माणसं दचकून उठून बसली. “तुमाला म्हाईत हाय काय? साथीत मेले किती, तर वर दोन सांगितलेत. दोन! लहानी त्यात नाय. तिला ताप होता म्हनतात. जुना ताप. माझी बायको मेली ती पन खोटी ठरवली, वयनी!”

हे बाईजाला ठाऊक नव्हतं. ती सिस्टरकडे वळली.

“मी जुलाबच लिहिलं आहे,” सिस्टर म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “डोळखांबच्या डॉक्टरांनीही तेच लिहिलं. वर गेल्यावर कोणी काय केलं, मला माहीत नाही.”

भगीरथचा राग खोटा नव्हता, हे तिला पहिल्यांदा कळलं. तो चुकीच्या गाडीत बसला होता, एवढंच.

“तू जा,” ती म्हणाली. “लहानीसाठी भांड. बोलावशील तवा मी पन येईन भांडाया. पन पोर जायाची नाय.”

“माझी पोर हाय ती.”

“हाय. म्हनूनच सांगतंय.”

ती उठून दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून. भगीरथ वयनीला आजवर कधी उलट शब्द बोलला नव्हता, धक्का लावणं तर लांबच. तो तिच्या खांद्यावरून आत बघत राहिला. आत दिपिकाने तोंडावर चादर ओढून घेतली होती.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. अमोल खाली उतरून आला. “भगीरथभाऊ, उशीर होतोय. काय प्रॉब्लेम?”

तेव्हा बाईजाने जीप नीट पाहिली. ओहोळाचं पाणी उतरल्यामुळे ती थेट शाळेपर्यंत आली होती. तिच्या टपाच्या पुढच्या बाजूला नवाकोरा बोर्ड बांधला होता. त्यावर वर पुढाऱ्यांचे चेहरे, हात जोडलेले. खाली लाल अक्षरं. आणि मधोमध लहानी.

बाईजा पायऱ्या उतरली.

लहानीचा जन्मात एकच फोटो निघाला होता, नणंदेच्या लग्नात. त्यात दोघी जावा होत्या. लहानीला फोटोची भीती वाटत होती, म्हणून बाईजाने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला धरून ठेवलं होतं. “हालू नको गो, फोटोवाला खात नाय तुला.” शहापूरच्या दुकानात कोणीतरी त्या फोटोतून बाईजाला कापून काढलं होतं. पण हात लहानीच्या अंगावरचा, तो कापता आला नव्हता. तो तसाच राहिला होता. मनगटापर्यंतचा हात, त्यात हिरव्या बांगड्या, आणि मागे कोणीच नाही.

बाईजाने टाचा उंचावून बोर्डावर आपला हात ठेवला, त्या हाताच्या बाजूला.

“ह्यो हात कोनाचा हाय?”

अमोलला कळेना. “काय?”

“ह्यो हात माझा हाय. मला इचारलं तू?”

“ताई, भावना समजून घ्या. भगीरथभाऊंनीच दिला फोटो. हे तुमच्याच भल्यासाठी...”

“मला कापून टाकली ती कोनाच्या भल्यासाठी?” तिचा आवाज चढला नव्हता, पण जीपजवळची पोरं मागे सरली. “तिला म्या धरली होती म्हनून ती उभी राहिली फोटोला. आनि तू तिला या हात जोडनाऱ्यांच्या खाली उभी केलीस? यातला एक तरी तिच्या मयताला आला होता काय? तू आलता? झोळी धरलीस? तिचं नाव काय ते तरी म्हाईत हाय तुला?”

अमोलने भगीरथकडे पाहिलं. त्याला नाव आठवत नव्हतं, किंवा त्या घटकेला सुचलं नाही. बोर्डावर नुसतं ‘साथीचा बळी’ लिहिलेलं होतं.

“लहानी,” भगीरथ म्हणाला. कोणाला म्हणाला, ते कळलं नाही.

मग तो जाऊन जीपमध्ये बसला. पोरीशिवाय. त्याने मागे पाहिलं नाही. जीप वळली, आणि बोर्डावरची लहानी हेलकावे खात उतारावरून खाली गेली.

*

विहिरीवर माणसं जमली होती. चंदर आला होता. धोतर खोचून दगड वाहत होता, कोणाच्या नजरेला नजर न देता. बाईजा सरळ त्याच्यापुढे गेली.

“लहानी कशानं मेली?”

त्याच्या हातात दगड होता. तो तसाच धरून उभा राहिला.

“वयनी, ते वरचं हाय. मी नाय केलं. तिकडं आकडा...”

“आकडा मी नाय इचारला. वरचं पन नाय इचारलं. तू तिला ओळखत होतास. दर सालाला तुझ्या खाचरात लावनीला येत होती. तुझ्या पोरीच्या हळदीला रातभर गानी बोलली. कशानं मेली ती?”

“जुलाबानं,” चंदर पुटपुटला.

“मोठ्यानं.”

कुदळी थांबल्या. पाऊस बारीक पडत होता आणि खिंडारातून गढूळ पाण्याची धार विहिरीत पडत होती, तिचा आवाज तेवढा येत होता.

“जुलाबानं मेली,” चंदर म्हणाला. मग त्याचा आवाज फाटला. “या पान्यानं मेली! म्या भिंत नाय बांधली. म्हनलं चार दिसांनी बांधू. बास? अजून काय बोलू?”

“बास,” बाईजा म्हणाली. “दगड ठेव. तिरका ठेवू नको, बसायचा नाय.”

तिला वाटलं होतं, एवढं वदवून घेतलं की छातीतली आग थोडी निवेल. निवली नाही. ती चिखल कालवायला बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. दिवेलागणीला भिंत कमरेइतकी झाली आणि पाण्याची धार बाजूच्या चरातून खाली गेली.

भगीरथ अंधार पडताना आला, चालत. मोर्चानंतर जीप दुसरीकडे गेली होती, त्याला डोळखांबला सोडून. त्याचा घसा बसला होता. तो ओट्यावर बसला. बाईजाने पाणी दिलं.

“बोललास?”

“माईक दिला. म्या लहानीचं नाव घेतलं, कशी नेली ते सांगाया लागलो. तवर एकानं माईक घेतला काढून. म्हनला, आता साहेब बोलनार.” तो पाणी प्यायला. “चंदर बोलला म्हनतात?”

“बोलला. समद्यांसमोर.”

इथे बाईजाने थांबायला हवं होतं. पण राग उतरलेला नव्हता.

“तू इथं असतास तर ऐकलं असतंस,” ती म्हणाली.

तो शब्द त्याला लागला. फुलपात्र खाली ठेवून तो उठला, आणि त्या दिवसापासून दिराने वयनीशी बोलणं टाकलं.

*

साथ हळूहळू ओसरली. भिमीचा नातू चालायला लागला. दिपिका गणपतीच्या सुमाराला घरी गेली, आणि सिस्टरने एके दिवशी सतरंज्या उन्हात टाकल्या, खिळे उपटले, शाळा पोरांच्या हवाली केली. जाताना ती बाईजाच्या घरी येऊन चहा पिऊन गेली. निवडणूक झाली. अमोलच्या पक्षाने भगीरथला उभं करू म्हटलं होतं, उभं दुसऱ्यालाच केलं. चंदर पडला. नवा सरपंच आला. वरच्या आकड्यात लहानी कधी आलीच नाही. बाईजा आणि सिस्टर दोनदा शहापूरला जाऊन आल्या. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. तिसऱ्या टेबलाशी बाईजा इतकं बोलली, की पूर्ण कचेरी उभी राहिली. पण आकडा होता तिथेच राहिला.

दसऱ्यानंतर पाऊस गेला आणि विहीर उपसायचं ठरलं. गाळ काढल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, असं सिस्टरने बजावलं होतं. चंदरने न सांगता आपलं इंजिन आणून बसवलं. सकाळपासून पाणी खाचरांत सोडलं. ऊन वर येईतो तळ दिसला.

खाली उतरायला भगीरथइतका तरबेज माणूस पाड्यात नव्हता. तो कमरेला दोर बांधून उतरला. वर रहाटाच्या दोराला जैतू आणि बाईजा. खालून भगीरथ टोपलं भरायचा, दोराला हिसका द्यायचा, वर दोघं ओढायची. हिसक्याने काम भागत होतं, शब्दाची गरज नव्हती. काळा गाळ, पानं, फुटके डबे, कोणाची तरी चप्पल. पोरं आणि बाया कठड्याभोवती वाकून बघत होत्या.

मध्येच हिसका यायचा थांबला.

जैतूने खाली डोकावलं. “काय झालं रे, भगीरथ?”

उत्तर आलं नाही. बाईजाने कान दिला. विहिरीच्या तळातून एक आवाज वर येत होता, दबलेला, भिंतींवर आपटत आपटत मोठा होणारा. लहानी गेली त्या दिवशी भगीरथ रडला नव्हता. मयताला रडला नव्हता, तेराव्याला नाही. आता खाली, जिथे कोणी बघणार नाही असं त्याला वाटलं, तिथे गुडघाभर गाळात उभा राहून तो रडत होता.

भोवतालच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एक पोर आणखी पुढे वाकलं.

“मागं व्हा,” बाईजा म्हणाली. “मागं व्हा समदे. खाली उजेड जात नाय त्याला.”

ती सगळ्यांना हाकत राहिली. कठड्यापासून लांब, पार आंब्याच्या सावलीपर्यंत. जैतूलाही तिने हाताने सरकवलं. दोर एकटीच्या दोन्ही मुठींत घेऊन ती कठड्याला पाय लावून उभी राहिली, खाली न बघता, समोरच्या डोंगराकडे तोंड करून. ऊन चढत होतं. दोर हातात सैल होता.

बऱ्याच वेळाने त्याला हिसका बसला.

तिने जैतूला खुणेने बोलावलं, आणि दोघं ओढू लागली. टोपलं काठोकाठ भरलेलं होतं.